मुझिकाचा अंगरखा

रशियन कवितेच्या इतिहासात ‘शेतकरी कवी’ असा एक वेगळा कप्पा आहे. त्यात कोणाला बसवायचं, हे मात्र शेतकऱ्यांनी कधीच ठरवलं नाही. या परंपरेचा आद्यपुरुष मानला जाणारा अलेक्सेई कोल्त्सोव (१८०९–१८४२) तर शेतकरीही नव्हता. तो व्होरोनेझच्या एका गुरांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाच्या धंद्यापायी माळरानं तुडवताना त्याच्या कानावर लोकगीतं पडली. १८३५ मध्ये मॉस्कोच्या साहित्यवर्तुळातल्या स्तांकेविचच्या पुढाकाराने त्याचं पहिलं पुस्तक निघालं, पुढे समीक्षक बेलिन्स्कीने दीर्घ लेख लिहून त्याची जागा पक्की केली. कवी माळरानावरचा, शिक्का राजधानीचा. ही रीत पुढे बराच काळ चालू राहिली.

इव्हान सुरिकोव (१८४१–१८८०) खरोखरच भूदासाच्या घरात जन्मला. मॉस्कोत तो कोळसा आणि मोडीत निघालेलं लोखंड विकायचा. १८७२ च्या सुमारास त्याने आपल्यासारख्याच, शाळा न लाभलेल्या कवींना एकत्र आणलं. ते मंडळ त्याच्यामागेही कित्येक दशकं टिकलं. संघटक म्हणून त्याचं मोल मोठं आहे. कविता मात्र एकसुरी: बर्फ, अनाथपण, दारिद्र्य, मरण. सहृदय जमीनदाराला जसा दीनवाणा शेतकरी बघायचा होता, तसाच तो या कवींनी स्वतःच्या हाताने रंगवून दिला. सुरिकोवची रोवन झाडावरची कविता तेवढी लोकांच्या तोंडी बसली, इतकी की गाणाऱ्यांना कवीचं नाव आठवत नाही.

स्पिरिदोन द्रोझ्झिनची गोष्ट बोलकी आहे. बाराव्या वर्षी पीटर्सबर्गच्या खानावळीत कामाला लागलेला हा माणूस १८९६ मध्ये त्वेर प्रांतातल्या आपल्या गावी परतला. १९०० साली त्याच्या दारात जर्मन भाषेतला कवी रिल्के आला, सोबत त्याची लेखिका मैत्रीण लू आंद्रेआस-सालोमे. रिल्केने त्याच्या काही कवितांचा जर्मन अनुवादही केला. मला मात्र वाटतं, रिल्केची नजर कवितेपेक्षा त्या लाकडी घरावर अधिक होती.

शहरी नजरेचा हा खेळ उलटवला निकोलाई क्ल्युयेवने (१८८४–१९३७). उत्तरेकडच्या ओलोनेत्स प्रांतातला हा कवी १९०७ पासून राजधानीतल्या ख्यातनाम कवी ब्लोकला पत्रं लिहू लागला, आणि त्या पत्रांनी ब्लोक हादरला. क्ल्युयेव दया मागत नाही. जुन्या श्रद्धेच्या पंथाची हस्तलिखितं, मूर्तिचित्रं, आढ्यावरचा कोरीव घोडा, भट्टीची ऊब यांतून तो शेतकऱ्याचं घर म्हणजे अख्खं विश्व म्हणून उभं करतो आणि शहराला अडाणी ठरवतो. तो भोळा नव्हता. सुटाबुटातला क्ल्युयेव मूळ जर्मनमधून हाइने वाचताना दिसला, असं कवी ग्योर्गी इवानोवने आठवणींत रंगवलं आहे. इवानोवच्या आठवणींवर फार विसंबू नये, पण हा किस्सा टिकला तो उगाच नव्हे. १९१५ मध्ये क्ल्युयेव आणि वीस वर्षांचा सेर्गेई येसेनिन मुझिकाच्या, म्हणजे रशियन शेतकऱ्याच्या, वेषात पेत्रोग्राडच्या व्यासपीठांवर उभे राहिले. येसेनिन तोवर मॉस्कोच्या छापखान्यात काम करून आला होता. तो वेष सोंग होताच. पण सोंगाची दोरी पहिल्यांदाच कवींच्या हाती होती.

येसेनिनचा खरा कस लागला तो अंगरखा उतरवल्यावर. १९२० च्या ‘सोरोकोउस्त’ या कवितेत आगगाडीमागे धावणारं शिंगरू येतं. ते हरणार हे कवीला ठाऊक आहे, तरी त्याचं मन शिंगराकडे आहे. क्रांतीचं स्वागत केलेल्या माणसाने हे लिहावं, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. पुढची मधुर, मद्यधुंद कविता कितीही लोकप्रिय असो, या उंचीला ती क्वचितच पोहोचते.

मग हिशेब झाला. याच परंपरेतल्या अलेक्सेई गानिनला १९२५ मध्ये गोळी घातली. त्याच वर्षअखेरीस येसेनिन गेला. १९२७ मध्ये बोल्शेविक नेता बुखारिनने ‘प्रावदा’तून येसेनिनपंथावर कोरडे ओढले. मग याच परंपरेतल्या इतर कवींना गोळ्या घातल्या: १९३७ मध्ये पावेल वासिल्येव, क्लिच्कोव, क्ल्युयेव, १९३८ मध्ये ओरेशिन. शेतीच्या सामुदायिकीकरणाने गाव मोडलं होतं. त्या गावाचे साक्षीदारही उरू दिले नाहीत.

स्मोलेन्स्कच्या लोहाराचा मुलगा, कवी अलेक्सांद्र त्वार्दोव्स्की वाचला, आणि वाचण्याची किंमत जन्मभर मोजत राहिला. त्याच्या कुटुंबाला कुलाक, म्हणजे सधन शेतकरी, ठरवून १९३१ मध्ये हद्दपार केलं होतं. १९३६ मध्ये त्याने सामुदायिक शेतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्यावर दीर्घकाव्य छापलं, त्याला पुढे स्तालिन पारितोषिकही मिळालं. बापाबद्दलचं मौन मोडणारी ‘स्मृतीच्या हक्काने’ ही रचना त्याने साठच्या दशकाअखेरीस लिहिली. मायदेशात ती छापली गेली १९८७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. ‘वासिली त्योर्किन’ या युद्धकाव्यातली त्याची सैल, बोलती ओळ ही या परंपरेची सर्वांत टिकाऊ कमाई आहे, असं मी म्हणेन. पुढच्या पिढीतल्या कवी निकोलाई रुब्त्सोवपर्यंत येता येता (१९३६–१९७१) गाव ही आठवणच झाली होती. तो वाढला अनाथाश्रमात, राबला मासेमारी जहाजावर आणि लेनिनग्राडच्या कारखान्यात.

येसेनिन आज शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. क्ल्युयेवचं पुस्तक मायदेशात पुन्हा निघायला १९७७ उजाडलं, आणि त्याचं मोठं महाकाव्य गुप्त पोलिसांच्या दप्तरातून बाहेर येऊन १९९१ मध्ये छापलं गेलं. ते वाचताना रशियन वाचकालाही तळटीपा लागतात, कारण त्यातल्या कित्येक वस्तू आता गावातही सापडत नाहीत.