शांतता कोणाला परवडत नाही?

‘वॉर इज अ रॅकेट’ हे पुस्तक लोकलच्या एका लांब प्रवासात वाचून होतं. पाच छोटी प्रकरणं आणि भाषा थेट कट्ट्यावरची. लिहिणारा मात्र साधासुधा नाही. स्मेडली बटलर हा अमेरिकेच्या मरीन कोअरमधला मेजर जनरल. तेहतीसहून जास्त वर्षं नोकरी, चीनपासून हैतीपर्यंतच्या मोहिमा आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ हा तिथला सर्वोच्च लष्करी सन्मान दोनदा. असा माणूस १९३१मध्ये निवृत्त होतो आणि १९३५मध्ये हे पुस्तक काढून सांगतो, की युद्ध हा मूठभरांनी सगळ्यांच्या जिवावर चालवलेला धंदा आहे.

युद्धविरोधी लिखाणात बहुतेकदा आक्रोश असतो. बटलर आक्रोश करत नाही, तो बिलं तपासतो. पहिल्या महायुद्धाआधी ड्यूपाँट ही दारूगोळा बनवणारी कंपनी वर्षाला सरासरी ६० लाख डॉलर कमवायची, युद्धाच्या वर्षांत ५ कोटी ८० लाख, असा हिशोब तो मांडतो. मग येतात किरकोळ खरेदीचे किस्से. सैनिक चाळीस लाखांच्या आसपास आणि सरकारच्या गळ्यात मारलेले बुटांचे जोड साडेतीन कोटी. मच्छरदाण्या २ कोटी, त्यातली एकही फ्रान्सपर्यंत पोचली नाही. कोणीतरी अठ्ठेचाळीस इंची पाने विकले. एवढ्या मापाचा नट, बटलर म्हणतो, फक्त नायगाऱ्याच्या टर्बाइनला होता. हे वाचताना हसू येतं, आणि पुढच्या प्रकरणात ते विरतं. कारण तिथे सैनिकाचा पगार येतो: महिन्याला ३० डॉलर. त्यातला निम्मा घरच्यांसाठी कापायचा, वर विम्याचा हप्ता. उरलेल्या पैशांतून त्याच्याकडून शंभर डॉलरचे बाँड घ्यायला लावायचे, आणि तो घरी येऊन बेकार झाला की तेच बाँड बँकांनी ८४-८६ डॉलरला परत घ्यायचे.

त्याचा उपायही याच तिरकस डोक्यातून निघालेला आहे. पोरांची सक्तीची भरती करण्याआधी भांडवलाची करा. कारखानदार, बँकर, मंत्री सगळ्यांना युद्ध संपेपर्यंत तेच ३० डॉलर द्या. युद्ध करायचं की नाही यावर फक्त ज्यांना खंदकात उतरावं लागणार त्यांचं मत घ्या. राजकारण म्हणून हे भाबडं आहे. पण कोणाला किती झळ बसते हे दाखवायला यापेक्षा सोपी युक्ती मला सुचत नाही.

तरी पुस्तक मिटल्यावर मला अस्वस्थ वाटलं ते त्यातल्या सोयीमुळे. बटलरचे खलनायक ठरलेले आहेत: पोलाद, दारूगोळा, बँका. वाचक अगदी स्वच्छ हातांनी बाहेर पडतो. पण युद्धाचा फायदा इतका शिस्तीत एका गल्लीत राहत नाही. तो समुद्र ओलांडून अशा लोकांपर्यंत जातो, ज्यांचं त्या भांडणाशी काहीच देणंघेणं नसतं. याचं एक उदाहरण आपल्या घरचंच आहे.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा इतका झाला की तो ठेवायला रोज नवी बँक, नवी कंपनी निघू लागली. समुद्र बुजवण्यासाठी काढलेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. यात फक्त शेठ नव्हते, कारकूनही होते. यांतल्या कोणी बंदूक विकली नाही, कोणी युद्ध पेटवलं नाही. बटलरच्या यादीत यांचं नाव कुठे लिहायचं?

एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. त्या शरणागतीने सुमारे ४० लाख गुलामांच्या मुक्तीवर शिक्कामोर्तब होणार होतं. मुंबईच्या बाजारात मात्र ती वाईट बातमी होती. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली आणि पेढ्या धडाधड बसल्या. तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद हाही बुडाला. त्याने १८६४मध्ये दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुढे उभा राहिला, तो आजही आहे. फोर्टमध्ये सेल्फी काढताना आपल्या मागे असतो.

‘बिल कोण भरतं’ हे बटलरचं प्रकरण इथेही लागू पडतं, फक्त बिल भरणारा सैनिक नसून शेतकरी आहे. तेजीत सावकारांनी हात सैल सोडले होते. भाव पडले, सारा वाढला, कर्ज तेवढं राहिलं. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यामागे कारणं अनेक होती. त्यातलं एक अमेरिकेत पेरलेलं होतं.

आणि बटलरचं पुस्तक खरं अडखळतं ते याच युद्धापाशी. नफेखोर त्यातही भरपूर होते. पण म्हणून ते निव्वळ धंदा होतं का? १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. एकाच इलाख्यात, एकाच युद्धाचा हिशोब दोघांनी मांडला. बाजाराने कापसाचा भाव पाहिला, फुल्यांनी तुटलेल्या बेड्या. बटलरच्या वहीत दुसऱ्या नोंदीसाठी रकानाच नाही. नफा कोणी कमावला यावरून युद्ध गरजेचं होतं की नव्हतं हे ठरत नाही, ही गोष्ट त्याच्या आवेशात निसटते.

तरीही मी हे पुस्तक वाचायला सांगेन, कारण ते प्रश्न विचारायची सवय लावतं. फक्त प्रश्न थोडा बदलून घ्यावा. ‘फायदा कोणाला’ असं विचारलं की आपण दूरच्या कारखान्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. ‘हे युद्ध उद्या थांबलं तर नुकसान कोणाचं’ असं विचारलं तर यादी लांबते. तिच्यात शस्त्रांचे ठेकेदार असतात, तेलाचे व्यापारी असतात, आणि आपण हौसेने घेतलेल्या एखाद्या डिफेन्स फंडाचे चार युनिटही असतात. १८६५च्या मुंबईत अमेरिकेतल्या कोणाचं वाईट चिंतणारे फार नसावेत. युद्ध अजून एक हंगाम चालावं, एवढंच त्यांना हवं होतं.