कार्व्हर वाचला, टस्कीगी वाचायची राहिली

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि तेव्हापासून ते शाळेच्या बक्षीस समारंभापासून गावच्या वाचनालयापर्यंत हातोहात फिरते आहे. याच लेखिकेने वर्ध्यात जन्मलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांचेही चरित्र लिहिले: ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. कष्टकऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षणाने काय शिकवावे आणि त्यात परमुलखातून आलेल्या ज्ञानाने कोणते काम करावे? ‘शाश्वत उद्योजकता’ आणि ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हे शब्द आज आपल्या उच्च शिक्षणात रुळले आहेत. हा प्रश्न बुलडाण्यासारख्या कोरडवाहू, कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यातून विचारून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बुलडाण्याला जगाशी नाते नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेफाटा खुला करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. एका आडवळणाच्या बाजारपेठेसाठी हा मान लहान नव्हता. पण या संबंधाचा आराखडा मँचेस्टरच्या गरजेवर बेतलेला होता. इथून गाठी गेल्या, तिथून भाव आला. शेतकऱ्याने काय पिकवावे हे ठरले. त्याने काय शिकावे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. उत्तम संपर्क आणि हिताचे सहकार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला खामगावचा हा इतिहास पुरेसा आहे.

ज्या दक्षिणेतला कापूस थांबल्यामुळे खामगाव मोठे झाले, त्याच दक्षिणेत १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आयोवातून पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कीगीला शिकवायला आले. सततच्या कापसाने जमीन निकस झालेली, शेतकरी कर्जात आणि बहुतेक जण दुसऱ्याच्या रानात वाट्याने राबणारे. चवळी, रताळी, भुईमूग यांची फेरपालट त्यांनी शिकवली ती जमिनीचा कस परत यावा आणि घरच्या ताटात प्रथिने यावीत म्हणून. शेतकऱ्याला वाचून करता येईल अशा भाषेत त्यांनी चाळीसहून अधिक पत्रिका काढल्या. त्यांत पीक घेण्याबरोबर ते रांधण्याच्या कृतीही असत. १९०६ साली ‘जेसप वॅगन’ निघाली. अवजारे, बियाणे, चरव्या असा संसार घेऊन ही फिरती शाळा शेतकऱ्याच्या दारात जाई.

मराठी वाचकाला यातले काय आठवते? भुईमुगाचे तीनशे पदार्थ. आपल्या वाचनाची मर्यादा इथेच दिसते. त्या तीनशेंपैकी बाजारात टिकले फार थोडे आणि १९२३ मध्ये कार्व्हरांच्या नावाने निघालेली कंपनीही चालली नाही. आजच्या उद्योजकतेच्या फूटपट्टीने मोजले तर कार्व्हर नापास होतात. तरीही ते मोठे आहेत, कारण नगद पिकावरचे परावलंबन कसे कमी करावे हे त्यांनी शिकवले. चरित्र हा वाङ्मयप्रकार माणसाभोवती उभा राहतो, त्यामुळे संस्था पार्श्वभूमीला जाते. गवाणकरांच्या प्रसन्न, ओघवत्या निवेदनाचा हा दोष म्हणता येणार नाही. पण त्याचा परिणाम मात्र झाला. आपण कार्व्हरांचा ध्यास घेतला आणि त्यांचा अभ्यासक्रम सोडला. संतचरित्र वाचावे तसे हे पुस्तक वाचले आणि कपाटात ठेवले.

टस्कीगी वाचायची तर तिची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. १९०१ साली जर्मन वसाहतवाद्यांच्या निमंत्रणावरून टस्कीगीची काही माणसे पश्चिम आफ्रिकेतील टोगोत कापूस शिकवायला गेली. कार्व्हर त्यांत नव्हते. पुढे नोत्से येथे कापसाची शाळाही निघाली. कागदावर पाहिले तर एका शिक्षणसंस्थेचे हे नमुनेदार आंतरराष्ट्रीय सहकार्य होते. पण जर्मन गिरण्यांना कच्चा माल हवा होता आणि टोगोच्या शेतकऱ्यावर कापूस लादला गेला. म्हणजे ज्या संस्थेने अलाबामात कापसाचा विळखा सैल करायला शिकवले, तिच्याच नावावर टोगोत तो आवळला गेला. ज्ञान एकाच संस्थेचे होते. फरक पडला तो प्रश्न कोणी विचारला यामुळे.

खानखोज्यांचा मार्ग उलटा आहे. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, मेक्सिकोत गेला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला. मक्यावर त्यांनी संशोधन केले, पण अधिक महत्त्वाच्या आहेत त्या त्यांनी शेतकरी संघटनांच्या साथीने काढलेल्या मुक्त कृषिशाळा. क्रांतीनंतर जमिनीचे वाटप सुरू झाले होते. हाती आलेला तुकडा कसा कसावा हा त्या शेतकऱ्याचाच प्रश्न होता. वऱ्हाडाच्या शेजारचा हा माणूस तिथे स्वतःचा प्रश्न घेऊन गेला नाही; त्यांच्या प्रश्नाला त्याने आपली विद्या दिली. स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला परतले आणि १९६७ साली तिथेच वारले. विदर्भाच्या अभ्यासक्रमात त्या मुक्त शाळांचा मागमूस दिसत नाही, ही आपली करणी.

आता वर्तमानाकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने परदेशी विद्यापीठांबरोबर जोड, संयुक्त आणि दुहेरी पदव्यांची वाट मोकळी केली. पण ती कोणासाठी? नॅकचे किमान ३.०१ गुण, राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ गटातील पहिल्या शंभरांत स्थान किंवा ‘प्रतिष्ठित संस्था’ हा दर्जा हवा. परदेशी संस्था जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या हजारांतली हवी. ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणाला ही तरतूद लागू नाही. मेहकर किंवा मोताळ्याच्या संलग्न महाविद्यालयातल्या मुलीला जगाशी जोडणारी सर्वांत स्वस्त वाट तीच होती. गुणवत्तेची अट असावी, यात वाद नाही. बनावट पदव्यांचा धंदा आपण पाहिलेला आहे. पण क्रमवारी हीच पात्रता ठरली की सहकार्य शहरातून शहराकडे जाते. पहिल्या हजारांत नसलेली, पण बुलडाण्यासारख्याच कोरड्या मातीत काम करणारी आफ्रिकेतली एखादी शेतकी संस्था या चौकटीत बसत नाही. प्रश्न सारखे असलेल्यांची गाठ पडू नये, अशीच ही व्यवस्था झाली.

राहिला अभ्यासक्रम. व्यवसायाचा आराखडा, गुंतवणूकदारापुढचे सादरीकरण, यशोगाथा हे शिकवणे वाईट नाही. पण शेजारच्या जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांच्या भागीदारीतून आलेल्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणालाही पचवू लागली आणि दरसाल बियाणे विकत घेणे मात्र चुकले नाही. हे प्रकरण वर्गात आल्याखेरीज कापसाच्या जिल्ह्यात ‘शाश्वत’ या शब्दाला अर्थ कसा येणार?

आणि बुलडाण्याने केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत का राहावे? लोणारचे विवर उल्कापातानेच झाले, हे १९७३ च्या सुमारास अमेरिकी आणि भारतीय भूवैज्ञानिकांच्या एकत्रित कामाने पक्के झाले. बेसाल्ट खडकातले असल्याने चंद्र आणि मंगळाच्या अभ्यासकांनाही त्याचे मोल आहे. २०२० साली ते रामसर स्थळ झाले. या खाऱ्या सरोवरातून एके काळी सोडा निघे आणि त्यावर महसूलही मिळे. आज सरोवराला धक्का न लावता त्याच्या काठच्या गावाने कसे जगावे, हा शाश्वत उद्योजकतेचा अस्सल प्रश्न आहे. तो लोणारच्या विद्यार्थ्याने मांडावा आणि जगाच्या विद्यापीठाने त्याच्याबरोबर सोडवावा. येणाऱ्यांनी नमुने नेले, निबंध लिहिले, तर निष्कर्ष मराठीत गावाला परत द्यावेत, ही करारातली अट असावी.

कोणताही सामंजस्य करार तपासायला एवढे तीन प्रश्न पुरेत: प्रश्न कोणाचा, शिकलेले कोणत्या भाषेत कोणाच्या दारी जाते आणि पीक बुडाले तर तोटा कोण सोसतो. अलाबामातली ती गाडी या तिन्ही प्रश्नांना उतरते, टोगोची शाळा एकालाही नाही. बुलडाण्यात येणारे सहकार्य या दोहोंपैकी कोणत्या जातीचे असेल, हे सह्या होण्याआधी ठरते.