शेतकरी आत्महत्यांच्या संख्यात्मक अभ्यासातील चलांची निश्चिती : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : बुलडाणा जिल्हा)

प्रस्तावना :

संख्यात्मक संशोधन पद्धतीची सारी उभारणी 'चल' या संकल्पनेवर झालेली आहे. ज्या गुणधर्माचे मूल्य व्यक्तीगणिक, कुटुंबागणिक किंवा काळानुसार बदलते त्यास चल म्हणतात, ही व्याख्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास पाठ असते. स्वाश्रयी चल म्हणजे संभाव्य कारण, आश्रयी चल म्हणजे ज्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे तो परिणाम, आणि या दोहोंच्या संबंधात ढवळाढवळ करणारे इतर घटक म्हणजे बाह्य चल, हेही त्यास सांगता येते. प्रत्यक्ष आराखडा तयार करताना मात्र व्याख्येतील 'बदलते' या क्रियापदाचा विसर पडतो. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासात या विसराची किंमत किती मोठी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बुलडाणा हा पश्चिम विदर्भातील जिल्हा. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेले ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी होते, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम व वर्धा यांच्यासह बुलडाण्याचा समावेश होता. तेव्हापासून समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, गृहअर्थशास्त्र अशा अनेक विद्याशाखांतून हा विषय लघुप्रबंधांसाठी, प्रबंधांसाठी व चर्चासत्रांतील निबंधांसाठी घेतला जातो. विषयाची निवड योग्यच आहे. चिकित्सा करावयाची आहे ती आराखड्याची.

'कर्जबाजारीपणा' : चल की स्थिरांक?

या विषयावरील अभ्यासाचा रूढ साचा परिचित आहे. संशोधक तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातून आत्महत्याग्रस्त कुटुंबांची यादी मिळवितो, सहेतुक पद्धतीने पन्नास किंवा शंभर कुटुंबे निवडतो, मुलाखत अनुसूची भरून घेतो, शेकडेवारी काढतो आणि 'कर्जबाजारीपणा हे आत्महत्येचे प्रमुख कारण आहे' हे गृहीतक सिद्ध झाल्याचे नोंदवितो. गृहीतक कोसळल्याचे उदाहरण या साच्यात सापडणे कठीण, आणि संशय येण्यास तेवढेच कारण पुरेसे असावे.

यादी कशी तयार झाली हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. २००५-०६ मधील शासन निर्णयांनुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांची मदत देण्याची व्यवस्था झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासते व ते 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविते. चौकशी पूर्ण न झालेली प्रकरणे प्रलंबित राहतात. पात्रतेचे निकष नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा असे आहेत. कर्जही राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक, पतसंस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे असावे लागते. याचा सरळ अर्थ असा की, पात्र प्रकरणांच्या यादीत नाव येण्यापूर्वीच त्या कुटुंबाच्या कर्जाची छाननी झालेली असते. अशा यादीतून घेतलेल्या नमुन्यात पंच्याण्णव किंवा शंभर टक्के कुटुंबे कर्जबाजारी निघाली, तर तो संशोधनाचा शोध नसून समितीच्या निकषाचा पुनरुच्चार होय. ज्या नमुन्यात एखादा गुणधर्म बदलतच नाही, तेथे तो चल राहत नाही, स्थिरांक होतो. आणि स्थिरांकाचा कशाशीही सहसंबंध काढता येत नाही. काय-वर्ग चाचणीच्या कोष्टकात एक रकाना पूर्ण रिकामा असताना सार्थकतेची पातळी लिहिणे ही संख्याशास्त्राची थट्टा ठरते.

अडचण येथेच संपत नाही. मुलाखत देणाऱ्या पत्नीला, वडिलांना वा भावाला कर्जासंबंधीचा प्रश्न नवीन नसतो. तलाठी, पोलीस, कृषी सहायक, बँकेचा माणूस, पत्रकार अशा अनेकांनी तो आधीच विचारलेला असतो आणि त्याच्या उत्तरावर मदत अवलंबून होती हे घरातील प्रत्येकास ठाऊक असते. वही व पेन घेऊन आलेला प्राध्यापक हा शासनाचा माणूस नव्हे, हे त्या घराने कशावरून मानावे? परवानाधारक नसलेल्या सावकाराचे देणे, कृषी सेवा केंद्रातील उधारी, सोयऱ्यांकडून घेतलेले हातउसने पैसे, गहाण पडलेले दागिने यांचा उल्लेख अशा उत्तरात गळतो किंवा ओझरता येतो. बँकेचे कर्ज मात्र अचूक आकड्यासह सांगितले जाते. मापनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे विश्वसनीयता भरपूर आहे, कारण दहा वेळा विचारले तरी तेच उत्तर मिळेल. सप्रमाणता मात्र नाही, कारण जे मोजावयाचे होते ते मोजलेच गेलेले नाही.

एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनश्रेणींचे नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी व गुणोत्तरश्रेणी असे जे वर्गीकरण मांडले, ते प्रत्येक संशोधन पद्धतीच्या पुस्तकात उद्धृत होते. तरीही रुपयांत मोजता येणारे, म्हणजेच गुणोत्तरश्रेणीतील कर्ज बहुतेक अनुसूचींत 'होय / नाही' असे नामश्रेणीत उतरविले जाते. तीस हजारांचे पीककर्ज आणि तीन लाखांचे थकीत देणे एकाच खुणेत बसते. शिवाय रक्कम एकटी बोलत नाही. ती किती एकर कोरडवाहू जमिनीवर आहे आणि त्या वर्षीच्या उत्पन्नाशी तिचे प्रमाण काय, हे तिच्या शेजारी लिहावे लागते. वरच्या श्रेणीतील माहिती खालच्या श्रेणीत केव्हाही आणता येते, उलट प्रवास शक्य नाही, हे अनुसूची छापण्यापूर्वी लक्षात घ्यावयास हवे.

तुलनागटाचा प्रश्न :

आत्महत्या झालेल्या घरांपैकी किती घरे कर्जात होती, हा अर्धाच प्रश्न आहे. आत्महत्या न झालेल्या घरांपैकी किती घरे कर्जात होती, हा उरलेला अर्धा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीनुसार २००३ साली देशातील ४८.६ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.८ टक्के होते. म्हणजे राज्यातील शेतकरी कुटुंबांचा कोणताही यादृच्छिक नमुना घेतला असता, तरी त्यातील निम्म्याहून अधिक घरी कर्ज सापडले असते. आंध्र प्रदेशात तर हे प्रमाण ८२ टक्के होते. ही पार्श्वभूमी न सांगता दिलेली शेकडेवारी वाचकाला हेलावून टाकते, पण काही सिद्ध करीत नाही.

हा अर्धा प्रश्न विचारणारा अभ्यास महाराष्ट्रातच झालेला आहे, हे विशेष. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी जानेवारी २००६ मध्ये राज्य शासनास सादर केलेल्या अहवालात वर्धा, वाशिम व यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्या झालेल्या १११ कुटुंबांसोबत आत्महत्या न झालेल्या १०६ कुटुंबांचीही पाहणी केली. आत्महत्या झालेल्या कुटुंबांपैकी सुमारे ८७ टक्के कर्जबाजारी होती आणि सुमारे ७४ टक्के कुटुंबांची आर्थिक स्थिती खालावलेली होती. परंतु या अहवालाचे बळ त्या शेकडेवारीत नसून तुलनेत आहे. आत्महत्या झालेल्या कुटुंबांवरील सरासरी थकीत कर्ज तुलनागटापेक्षा अधिक होते, आणि त्यांच्याकडे बैलांची मालकी कमी होती. बैलजोडी विकली जाणे हा घर खचल्याचा पुरावा आहे, हे खेड्यात कोणीही सांगेल. अहवालाने ते मोजले. येथे कर्ज खऱ्या अर्थाने चल आहे, कारण ते दोन्ही गटांत आहे आणि कमीअधिक आहे. नंतरच्या अनेक लेखनांत या अहवालातील ८७ टक्क्यांचा आकडा उचलला गेला, तुलनागट मागे राहिला.

आश्रयी चल : 'शेतकरी' कोण?

आत्महत्येचा शास्त्रशुद्ध अभ्यास एमिल दुर्खीम यांच्या १८९७ च्या ग्रंथापासून सुरू झाला असे मानले जाते. त्या ग्रंथाची सर्व सामग्री शासकीय आकडेवारीची होती. मृत्यूची नोंद करणारा अधिकारी स्वतःच्या समजुतीनुसार मृत्यूला अर्थ देत असतो आणि तो अर्थच पुढे 'आकडा' म्हणून वावरतो, हा जॅक डग्लस यांचा १९६७ मधील आक्षेप दुर्खीम यांच्याइतकाच वाचला जाणे आवश्यक होते. महाराष्ट्रात तो फारसा वाचला गेला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी हे याचे ठळक उदाहरण होय. २०१३ पर्यंत 'शेतीतील स्वयंरोजगार' असा एकच वर्ग होता व त्या वर्षी त्यात देशभरातील ११,७७२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०१४ च्या अहवालात 'शेतकरी' व 'शेतमजूर' असे स्वतंत्र रकाने आले. त्या वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५० व शेतमजुरांच्या ६,७१० अशा नोंदल्या गेल्या. पहिलाच आकडा घेऊन मागील वर्षाशी तुलना केल्यास आत्महत्या एका वर्षात निम्म्याहून खाली आल्याचे दिसते. दोन्हींची बेरीज केल्यास ती १२,३६० भरते. बदललेली होती ती प्रथमतः व्याख्या. २०१३ व २०१४ हे एकाच रेषेवरील दोन बिंदू समजून काढलेला कोणताही आलेख दोषपूर्ण ठरतो, आणि असे आलेख चर्चासत्रांच्या स्मरणिकांत आजही आढळतात.

जिल्हा पातळीवरील महसुली नोंदीत व्याख्या आणखी वेगळी आहे. तेथे जमिनीची नोंद महत्त्वाची ठरते. ठोक्याने किंवा बटईने दुसऱ्याची जमीन कसणारा, ज्याच्या नावे किंवा कुटुंबाच्या नावे सातबारा नाही, तो बियाण्याचा व खताचा खर्च स्वतः सोसत असला तरी कागदोपत्री शेतकरी नसतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत राबणाऱ्या स्त्रीचा मृत्यू पोलिसांच्या कागदात बहुधा 'गृहिणी' या रकान्यात जातो. दोन कार्यालये, दोन व्याख्या. म्हणून त्यांचे आकडे जुळत नाहीत, आणि न जुळण्याचे कारण शोधण्याऐवजी संशोधक सोयीचा आकडा घेतो.

जिल्हा हे एकक :

केवळ मृत्यूंची संख्या देऊन जिल्ह्यांची क्रमवारी लावण्याची पद्धत तर सर्वस्वी त्याज्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ व वाशिमची ११,९७,१६० होती. बुलडाण्यात दुप्पट मृत्यू झाले तरी दर तेवढाच किंवा त्याहून कमी असू शकतो. मिश्रा यांनी राज्यातील पुरुष शेतकऱ्यांचा वयसमायोजित आत्महत्या-दर १९९५ मध्ये लाखामागे १५ होता तो २००४ मध्ये ५७ झाल्याचे दाखविले, ते छेदस्थानी शेतकऱ्यांची संख्या घेऊन. आजच्या अभ्यासकापुढील पेच असा की, २०२१ ची नियोजित जनगणना त्या वर्षी झाली नाही. छेद म्हणून २०११ चेच आकडे वापरले जातात आणि तसे वापरल्याचे स्पष्ट लिहावे लागते.

जिल्ह्याची सरासरीही फसवी असते. बुलडाण्याचा माणूस आपला मुलूख 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असा सांगतो, आणि ही लोकभाषेतील विभागणी उत्तम चल आहे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा यांचा पठारी प्रदेश. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर यांचे पूर्णेचे खोरे. खोऱ्याच्या मोठ्या भागात खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली तरी पाणी पिकाच्या उपयोगाचे असेलच असे नाही. तेरा तालुक्यांची एकत्र सरासरी काढून 'सिंचन व आत्महत्या' यांचा संबंध पाहिला तर हा फरक पुसला जातो. उलटपक्षी, तालुकावार आकड्यांत संबंध दिसला म्हणून तो कुटुंबाच्या पातळीवरही आहे असे म्हणता येत नाही, डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये हा तर्कदोष दाखवून दिला. तुलनागटातील घर त्याच गावातून, शक्य तो तेवढ्याच जमिनीचे निवडले, तर माती, पाणी, पाऊस व बाजार हे बाह्य चल एकाच वेळी नियंत्रित होतात. त्यासाठी संगणकप्रणाली लागत नाही, गावात एक दिवस जास्त राहावे लागते.

पात्र यादीचा उपयोगच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ती यादी समितीच्या निर्णयांची नोंद आहे. तेव्हा 'पात्रता' हाच आश्रयी चल मानून पात्र व अपात्र अशी दोन्ही प्रकरणे अभ्यासता येतील. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणाकडून घेतले होते, मृत व्यक्ती स्त्री होती की पुरुष, जिल्ह्याच्या ठिकाणापासून गाव किती दूर होते, हे स्वाश्रयी चल होतील, आणि ते दोन्ही गटांत बदलतात. असा अभ्यास आत्महत्येचे कारण सांगणार नाही. मदत कोणापर्यंत पोचली व कोणाच्या दारातून परतली, एवढेच सांगेल. अपात्र ठरलेल्या घरांपर्यंत मात्र संशोधकास स्वतः जावे लागेल, कारण त्या घरी अनुसूची घेऊन सहसा कोणी गेलेले नसते.