चाचणी उत्तीर्ण, पिस्तूल नापास

‘आमचे उत्पादन सर्व मानकांनुसार तपासलेले आहे’ हे वाक्य आपण कुकरपासून हेल्मेटपर्यंत अनेक वस्तूंवर वाचतो आणि निश्चिंत होतो. या वाक्याचा नेमका अर्थ काय आणि त्यावर किती विसंबावे, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एका पिस्तुलाचे उदाहरण फार उद्बोधक आहे. शस्त्र हा विषय शाळेच्या वर्गात अनोळखी वाटेल, परंतु त्यामागचे विज्ञान नववीच्या पुस्तकातलेच आहे.

सिग सावर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाची अमेरिकन लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये आपले नवे प्रमाणित पिस्तूल म्हणून निवड केली. करार ५८ कोटी डॉलर्सपर्यंतचा होता. त्याच महिन्यात कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड शहराच्या एका पोलीस अधिकाऱ्याचे पी-३२० होल्स्टरसकट खाली पडले, गोळी सुटली आणि त्याच्या पायाला लागली. चापाला कोणाचेही बोट लागले नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्टमध्ये त्याने कंपनीवर दावा लावला. त्याच सुमारास कंपनीने निवेदन काढले की, लाखो पिस्तुले विकली गेली असून अमेरिकेच्या नागरी बाजारात पिस्तूल पडून गोळी सुटल्याची एकही नोंद नाही. त्यानंतर काही दिवसांतच शस्त्रांचा व्यापार करणाऱ्या एका दुकानाने पिस्तुले ठराविक कोनात काँक्रीटवर पाडून दाखवली. गोळी नसलेल्या, पण स्फोटक टोपी असलेल्या काडतुसांवर घाव बसत असल्याचे चित्रफितीत सर्वांनी पाहिले. ८ ऑगस्टला कंपनीने ‘ऐच्छिक सुधारणा योजना’ जाहीर केली.

पडल्याने चाप कसा ओढला जातो? सुतार हातोड्याचा दांडा सैल झाला की काय करतो ते आठवावे. तो दांड्याचे खालचे टोक दगडावर आपटतो. दांडा थांबतो, पण वरचे लोखंडी डोके जडत्वामुळे खाली सरकत राहते आणि दांड्यावर घट्ट बसते. आता नळी वर आणि मागची बाजू खाली अशा स्थितीत पिस्तूल पडते अशी कल्पना करा. सांगाडा जमिनीवर आदळून थांबतो. चाप मात्र त्याच दिशेने, म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या बाजूला, सरकू पाहतो. बोटाने ओढल्यावर चाप ज्या दिशेने जातो तीच ही दिशा. पिस्तुलाच्या आत काडतुसावर आदळणाऱ्या खिळीला अडवणारा एक अडसर असतो. चाप पुरेसा मागे गेला की तोही बाजूला होतो. यंत्राच्या दृष्टीने बोटाने ओढलेला चाप आणि जडत्वाने सरकलेला चाप यांत फरक नाही.

थोडे गणित करू. पुढील आकडे केवळ हिशोबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. ते या पिस्तुलावर मोजलेले नाहीत. पिस्तूल १.२ मीटर उंचीवरून पडले आणि काँक्रीटवर १ मिलिमीटर अंतरात थांबले असे समजा. सरासरी मंदन आणि गुरुत्वत्वरण यांचे गुणोत्तर हे पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर इतके येते, म्हणजे येथे १,२००. दहा ग्रॅमचा चाप त्या क्षणी १२ किलोग्रॅम वजनाच्या जोराने मागे ढकलला जातो. चाप ओढायला ३ किलोग्रॅम वजनाएवढे बल लागते असे धरले, तर हा जोर त्याच्या चौपट आहे. आता तेच पिस्तूल रबरावर पडून ५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर गुणोत्तर २४० होते आणि जोर भरतो केवळ २.४ किलोग्रॅम. चाप जागचा हलणार नाही. पिस्तूल तेच, उंची तीच, बदलली ती फक्त जमीन!

काँक्रीटवरचा धक्का मोठा असला तरी क्षणभरच टिकतो. म्हणून तेथे ऊर्जेचाही हिशोब करायला हवा. १.२ मीटर पडलेल्या दहा ग्रॅमच्या चापापाशी सुमारे ११८ मिलिज्यूल गतिज ऊर्जा असते. ३ किलोग्रॅमच्या बलाविरुद्ध चाप ३ मिलिमीटर सरकायला सुमारे ८८ मिलिज्यूल लागतात. म्हणजे गोळी सुटेल. चाप पाच ग्रॅमचा केला तर त्याच्यापाशी फक्त ५९ मिलिज्यूल असतील; तो निम्म्या वाटेपेक्षा थोडा पुढे जाऊन परत येईल. कंपनीने केलेली दुरुस्ती याच तत्त्वावर होती. चाप आणि त्याच्याशी संबंधित भाग हलके केले गेले आणि एक यांत्रिक डिस्कनेक्टर बसवला गेला. ग्लॉक कंपनीच्या १९८२ सालच्या पिस्तुलात याच अडचणीवर वेगळा उपाय होता. तेथे चापाच्या मध्यभागी एक अगदी हलके पाते असते आणि ते दाबल्याशिवाय चाप सरकतच नाही. पात्याचे वस्तुमान इतके कमी असते की पडण्याच्या धक्क्याने ते सहसा दाबले जात नाही.

मग हे पिस्तूल चाचणीत उत्तीर्ण कसे झाले? अमेरिकेत शस्त्र उत्पादकांच्याच संघटनेने, म्हणजे १९२६ साली स्थापन झालेल्या ‘सॅमी’ या संस्थेने, पाडण्याच्या चाचणीचे मानक ठरवले आहे. त्यानुसार पिस्तूल ४ फुटांवरून काँक्रीटवर अंथरलेल्या एक इंच जाडीच्या रबरी चटईवर पाडतात. स्थिती ठरलेल्या असतात. नळी आडवी व पिस्तूल सरळ, उलटे, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर; नळी उभी ठेवून मुठीवर; नळीच्या तोंडावर. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यातील चाचणीत चटई नाही, थेट काँक्रीट आहे. पण उंची १ मीटर १ सेंटिमीटर आहे आणि स्थिती जवळपास त्याच. सॅमीच्या स्थितींत नळी आडवी तरी असते किंवा उभी तरी. पी-३२० मधून गोळी सुटली ती नळी उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कललेली असताना, स्लाइडची मागची कड आधी आपटली तेव्हा. ही स्थिती प्रश्नपत्रिकेतच नव्हती!

ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने दिलेले स्पष्टीकरण येथे तपासून पाहण्यासारखे आहे. पिस्तूल सर्व अमेरिकन मानकांत बसते. मानकांच्या पलीकडच्या परिस्थितीत ते पडल्यास गोळी सुटू शकते, असा त्याचा आशय होता. वाक्य खोटे नाही. पण त्यात दोष जणू पडण्याच्या पद्धतीचा आहे असे सुचवलेले आहे. हातातून निसटलेली वस्तू मानक वाचून पडत नाही. मानक म्हणजे असंख्य शक्यतांतून निवडलेले मोजके नमुने. ते ओलांडणे ही किमान अट आहे. उरलेल्या शक्यतांचा विचार करणे हे रचना करणाऱ्याचे काम, कारण चापाचे वस्तुमान, स्प्रिंगचे बल आणि सरकण्याचे अंतर फक्त त्यालाच नेमके ठाऊक असते. वर केलेला हिशोब शाळेतला विद्यार्थी करू शकतो, तर अभियंत्यांना तो अवघड नव्हता.

‘एकही नोंद नाही’ या विधानातील ‘नागरी बाजारात’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. पोलिसाच्या हातातील पिस्तूल त्या कक्षेबाहेर राहते. शिवाय नोंद नसणे हा घटना न घडण्याचा पुरावा होत नाही. सर्वांत खटकणारी गोष्ट निराळीच आहे. लष्कराच्या चाचण्यांत पिस्तूल पाडल्यावर खीळ काडतुसाच्या टोपीवर आदळते असे दिसून आले होते आणि लष्करासाठीच्या पिस्तुलांत हलके भाग बसवले गेले होते. अमेरिकन संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाच्या जानेवारी २०१८ मधील अहवालात हे नमूद आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नागरी ग्राहकांच्या हाती मात्र जड चापाचेच पिस्तूल होते. एका ग्राहकासाठी जो दोष दुरुस्त केला, तो दुसऱ्यासाठी ‘ऐच्छिक’ कसा ठरतो?

उत्पादकाने वेगळे वागता येते, याची साक्ष याच उद्योगाच्या इतिहासात आहे. १९४४ साली अमेरिकन नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी ठार झाला. आधीचा अडसर अडकून बसू शकतो हे लक्षात येताच कंपनीने अल्पावधीत नव्या रचनेचा खात्रीशीर अडसर तयार केला. याउलट रुगर कंपनीने १९५३ पासून विकलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये हातोडी भरलेल्या काडतुसावर टेकलेली राहू शकत असे. त्यामुळे सहापैकी एक घर रिकामे ठेवणे ही जबाबदारी वापरणाऱ्यावर पडली. या दोषावर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. आयव्हर जॉन्सन कंपनी हातोडी आणि खीळ यांच्यामध्ये सरकपट्टी असलेली रिव्हॉल्व्हरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच विकत होती. रुगरने तशी पट्टी १९७३ मध्ये आणली आणि जुन्या रिव्हॉल्व्हरची मोफत दुरुस्ती देऊ केली ती १९८२ मध्ये. दरम्यान १९७९ साली अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका अपघातात सदोष रचनेसाठी कंपनीला जबाबदार धरले होते.

न्यायालयापर्यंत जावे लागते, याचे कारण कायद्यात आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग स्थापन झाला, पण बंदुका त्याच्या कक्षेतून वगळण्यात आल्या. खेळण्यातल्या बंदुकीत दोष असेल तर आयोग ती परत घ्यायला लावू शकतो. खऱ्या बंदुकीबाबत त्याला तो अधिकार नाही. २००५ च्या कायद्याने शस्त्र उत्पादकांना बरेच संरक्षण दिले, तरी रचनेतील दोषाबद्दल दावा करण्याची वाट मोकळी ठेवली. २०२५ मध्ये न्यू हॅम्पशायर या कंपनीच्या राज्याने काही सुरक्षा-सोयी नसल्याबद्दलचे दावेही मर्यादित केले. म्हणजे चाचणी उद्योगाने ठरवायची, दुरुस्ती उद्योगाने ठरवायची आणि दाद मागण्याची वाटही अरुंद होत जायची.

येथे एक पथ्य पाळायला हवे. पी-३२० न पडता आपोआप सुटते, असे दावेही पुढे अनेक झाले. २०२४ मध्ये जॉर्जिया व फिलाडेल्फिया येथील ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले. कंपनी मात्र चाप ओढल्याशिवाय गोळी सुटणे अशक्य असल्याचे सांगते. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधील हवाई तळावर एका सैनिकाच्या मृत्यूनंतर हवाई दलाच्या एका विभागाने या पिस्तुलाचा वापर थांबवला. पुढे त्या प्रकरणात दुसऱ्या सैनिकाला अटक झाली आणि पिस्तुले वापरात परतली. पडण्याचा दोष प्रयोगाने दाखवता येतो, पुन:पुन्हा दाखवता येतो आणि त्याचे कारणही कळते. इतर दाव्यांना तोच दर्जा आपोआप मिळत नाही. कंपनीवर टीका करतानाही पुराव्याची शिस्त सोडून चालणार नाही.

शिक्षकांनी जडत्वाचा पाठ शिकवताना हातोड्याचे उदाहरण द्यावे, वरचे गणित मुलांकडून करून घ्यावे आणि मग एखाद्या रोजच्या वस्तूवरचा ‘तपासलेले’ हा शिक्का वर्गात आणावा. चाचणी कोणी ठरवली, कोणत्या परिस्थितीत घेतली, कोणत्या परिस्थितीत घेतलीच नाही आणि वस्तू सदोष निघाल्यास ती परत घ्यायला लावण्याचा अधिकार कोणाला आहे, हे चार प्रश्न मुलांनी विचारायला शिकले पाहिजे. हेल्मेट विकत घेताना किंवा कुकरची शिट्टी बदलताना त्यांना ते उपयोगी पडतील.