वाइनची पुस्तिका आणि उसाचा खोडवा

श्रीरामपूर परिसरातील एखाद्या शाळेत ‘उसाचे प्रकार सांगा’ असे विचारून पाहा. को 86032, आडसाली, खोडवा अशी उत्तरे एका दमात येतील. उत्तरे खरी आहेत, पण तीन निरनिराळ्या प्रश्नांची. पहिले जातीचे नाव, दुसरे लागणीच्या हंगामाचे, तिसरे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाचे. संगणकात ती एकाच रांगेत भरली की पुढचा हिशेब चुकतो. म्हणून माहिती भरण्याआधी विषयातील संकल्पना, त्यांचे गुणधर्म व परस्परसंबंध यांचा काटेकोर आराखडा करतात. त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात.

हे काम नव्याने शिकणाऱ्यांना बरेचदा नताल्या नॉय व डेबोरा मॅक्गिनेस यांची पुस्तिका वाचायला सांगतात. ती 2001 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली. पायऱ्या सात, आणि मुख्य उदाहरण वाइनचे. आराखड्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची ते ती आधी लिहायला लावते, हा तिचा मोठा गुण. शिवाय एकच बरोबर आराखडा असतो असा तिचा दावा नाही. शिक्षकांनी निदान एवढा भाग वाचावाच.

माझी तक्रार उदाहरणाबद्दल आहे. बाटलीतली तांबडी वाइन तांबडीच राहते. म्हणून पुस्तिकेचा नियम सहज पटतो: वस्तू ज्या वर्गात (इयत्ता नव्हे!) मोडते तो वारंवार बदलू नये; ‘थंड केलेली वाइन’ हा वर्ग नव्हे, तो गुणधर्म. हाच नियम उसाला लावून पाहू. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस साधारण सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. त्याच बुडख्यांचा खोडवा होतो, आणि तो वर्षभरात तोडणीला येतो. मग खोडवा हा बदलता गुणधर्म समजून जुन्याच नोंदीत दुरुस्ती केली, तर? लागणीच्या उसाचे उत्पादन पुसले जाते. खोडव्याची तुलना कशाशी करणार? आणि तारीख जुनीच राहिली, तर तोडणीचा क्रम लावताना कोवळा ऊस पक्व ठरतो. तोटा शेतकऱ्याचा.

मूळ प्रश्न असा, की आपण नेमके काय मोजतो आहोत: बुडखा, शेत, की एका हंगामाचे पीक? पीक मोजायचे ठरवले तर खोडवा जन्मापासून खोडवाच असतो, आणि नियमही शाबूत राहतो. नमुना कोणत्या पातळीवर धरायचा हे वापरावर ठरते, एवढे पुस्तिका सांगते. पण कालची वस्तू आणि आजची वस्तू एकच की दोन, हे ठरवायला तिच्यात स्वतंत्र पायरी नाही. निकोला ग्वारिनो व ख्रिस वेल्टी यांनी हा ओळखीचा प्रश्न पुढे नेटाने मांडला. परंतु नवशिक्याच्या हाती त्यांचे लेखन उशिरा पडते, आणि ते जडही आहे.

तेव्हा पुस्तिका जरूर शिकवावी, मात्र तिसऱ्या पायरीला, म्हणजे शब्दांची यादी करताना, वाइन बाजूला ठेवून फळ्यावर ऊस घ्यावा. यादीत निडवाही येऊ द्यावा. तो खोडव्याचा पोटप्रकार की वेगळे पीक, यावर वर्गात चांगले भांडण होऊ शकते.