पटेल, शिरीष
(१९३२–२०२४). भारतीय संरचना अभियंते व नगररचनाकार. मुंबईतील केम्प्स कॉर्नर उड्डाणपुलाचे (१९६५) अभिकल्पक. नवी मुंबईच्या संकल्पनेचे श्रेय सामान्यतः विख्यात वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांना दिले जाते. वस्तुतः पटेल, कोरिया व प्रवीणा मेहता या तिघांनी ती १९६५ मध्ये मार्ग या नियतकालिकातून संयुक्तपणे मांडली. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) कोरिया प्रमुख वास्तुशिल्पज्ञ, तर पटेल नियोजन व बांधकाम संचालक होते (१९७०–७४). शेतजमीन आधी संपादून विकसित करावयाची आणि तिच्या विक्रीतून रस्ते, पाणीपुरवठा यांचा खर्च भागवावयाचा, हे योजनेचे आर्थिक गणित होय. कोरियांची बेलापूरची घरकुले दिसतात; हे गणित दिसत नाही, म्हणून ते उपेक्षित राहिले. मात्र सहकार्याचे श्रेय मान्य करताना योजनेच्या उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिल्याने अपेक्षित विकेंद्रीकरण अपुरे ठरले. भूसंपादनाचा भार स्थानिक शेतकऱ्यांवर पडला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावरील पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. अंमलबजावणी शासनाची असली, तरी या गणिताचा विचार केल्यावाचून नवी मुंबईचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.