पाच गटांबाहेरचा माणूस : ‘डायव्हर्जंट’ चित्रपटमालेविषयी काही प्रश्न

परक्या देशात, परक्या भाषेत आणि कल्पित भविष्यकाळात घडणारी एखादी गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आपली वाटते, तेव्हा ती हसण्यावारी नेता येत नाही. ती आपली का वाटली आणि कोठपर्यंत आपली आहे, हे तपासावे लागते. आमच्या महाविद्यालयातील वाङ्मय मंडळात ‘डायव्हर्जंट’ या अमेरिकन चित्रपटमालेवर दोन तास वाद झाला. वाद विद्यार्थ्यांनीच उपस्थित केला होता. कोणी मोबाइलवर, कोणी वसतिगृहातल्या मित्राच्या लॅपटॉपवर हे चित्रपट पाहिले होते. “सर, ही तर चातुर्वर्ण्याचीच गोष्ट हाय की!” असे कागलकडची एक विद्यार्थिनी म्हणाली आणि वादाला तोंड फुटले. त्या वादात मी जे बोललो आणि जे बोलायचे राहून गेले, ते येथे मांडतो.

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी प्रथम कथा सांगणे जरूर आहे. व्हेरॉनिका रॉथ या लेखिकेने २०११ ते २०१३ या काळात किशोरवयीन वाचकांसाठी तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीवर नील बर्गर यांनी २०१४ साली ‘डायव्हर्जंट’ हा चित्रपट काढला. ‘इन्सर्जंट’ (२०१५) आणि ‘अलीजंट’ (२०१६) हे पुढचे दोन भाग रॉबर्ट श्वेंटके यांनी दिग्दर्शित केले. युद्धाने उद्ध्वस्त झालेले शिकागो शहर, त्याभोवती उंच भिंत. पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून पूर्वजांनी माणसांची गुणांवरून पाच गटांत वाटणी केली आहे. त्यागी लोकांनी राज्य करावे, विद्वानांनी ज्ञान सांभाळावे, निर्भयांनी रक्षण करावे, सत्यवाद्यांनी न्याय पाहावा आणि स्नेहशीलांनी शेती करावी. सोळाव्या वर्षी प्रत्येक मुलाला औषध देऊन त्याची परीक्षा घेतात. मग भर सभेत त्याने आपला हात कापून निवडलेल्या गटाच्या पात्रात रक्ताचा थेंब टाकायचा. एकदा गट बदलला की आईबापही परके होतात. ट्रिस ही त्यागी गटातली, म्हणजे राज्यकर्त्यांच्या गटातली मुलगी. परीक्षेत ती कोणत्याच एका गटात बसत नाही. अशा माणसांना तेथे ‘डायव्हर्जंट’ म्हणतात आणि विद्वानांची पुढारी जनीन त्यांना हुडकून ठार करू पाहते.

या कथेला अमेरिकेत कोणी हुकूमशाहीविरोधी म्हटले, कोणी पौगंडावस्थेचे रूपक म्हटले. आपल्याला मात्र येथे एक ओळखीचा युक्तिवाद ऐकू येतो. चातुर्वर्ण्य मुळात जन्मावर नव्हते, गुणकर्मावर होते. ते पुन्हा गुणकर्मावर आणले की दोष उरणार नाही, असे सांगणारी मंडळी आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीही होती आणि आजही आहेत. ट्रिसचे शिकागो म्हणजे या मंडळींचे स्वप्न खरे झालेले नगर होय. तेथे जन्माची सक्ती नाही, शास्त्रीय चाचणी आहे आणि वर निवडीचे स्वातंत्र्यही आहे. तरीही ते नगर तुरुंग का होते?

याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ साली देऊन ठेवले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मसुदा पाहून परिषदच रद्द केली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात गुणाधिष्ठित चातुर्वर्ण्याचा त्यांनी स्वतंत्र समाचार घेतला आहे. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग कल्पिले होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की माणसाच्या अंगी इतक्या प्रवृत्ती असतात आणि त्यांची मिश्रणे इतकी वेगळी असतात, की त्याला तीन-चार ठरीव कप्प्यांत कोंबणे अशक्य आहे. दुसरा आक्षेप त्याहून कठोर आहे. अशी व्यवस्था माणसाच्या स्वभावाविरुद्ध असल्याने ती आपोआप टिकत नाही, तिच्या पाठीशी दंड लागतो. रामाने शंबुकाचा वध केला, तो रामाच्या लहरीचा प्रश्न नव्हता. वर्णाचे राज्य राखायचे तर शंबुकाला मारणे भागच होते.

‘डायव्हर्जंट’चा पहिला भाग हे दोन्ही आक्षेप पडद्यावर सिद्ध करतो. ट्रिस एका कप्प्यात मावत नाही आणि म्हणूनच तिच्यासाठी बंदुका निघतात. जनीन क्रूर आहे म्हणून माणसे मरत नाहीत. पाच गट टिकवायचे आहेत म्हणून जनीन लागते. या मर्यादेत पहिला चित्रपट प्रामाणिक आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो भिडला यात नवल नाही. बारावीनंतर जात पडताळणीच्या खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या मुलाला परीक्षेचे ते थंड यंत्र परके वाटत नाही. अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा आणावा लागतो. ज्याच्या आजोबाला शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्याने आजोबाच्या शाळेचा दाखला कोठून आणावा? ट्रिसला आपण कोण हे लपवावे लागते. आमच्या पोराला आपण कोण हे सिद्ध करावे लागते.

येथे एका विद्यार्थ्याने अडचणीचा प्रश्न विचारला. शाहू महाराजांनीही कोल्हापुरात जातवार बोर्डिंगे काढली. मग तेही गटच नव्हेत काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून १९०८ च्या मिस क्लार्क बोर्डिंगपर्यंत या शहरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, हे खरे आहे. परंतु संस्था कोणाच्या नावाने निघाली यापेक्षा ती माणसाला कोठे नेते, हे पाहिले पाहिजे. ‘मूकनायका’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. शिकागोतला गट हा असा एक मजला आहे. तेथे आलेल्याने तेथेच राहायचे. बोर्डिंग हा जिना होता. खेड्यातले पोर त्यात शिरायचे ते बाहेर पडून वकील, मास्तर, कारकून होण्यासाठी. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम आणि ही बोर्डिंगे एकाच विचारातून आलेली आहेत. मजला आणि जिना यांतला फरक ज्याला कळत नाही, तो आरक्षणालाच जातीयवाद म्हणू लागतो. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न प्रामाणिक होता. वर्तमानपत्रांतून तो विचारणाऱ्यांचा नेहमीच तसा नसतो.

आता मी माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. शिकागोत पाच गटांखेरीज सहावी माणसे आहेत. गटाच्या दीक्षेत नापास झालेली, गट सोडलेली, टाकलेली. त्यांना ‘फॅक्शनलेस’, म्हणजे गटहीन म्हणतात. कादंबरीत त्यांची कामे स्पष्ट दिली आहेत. ते झाडलोट करतात, कचरा उचलतात, इमारती बांधतात, कापड विणतात, गाड्या चालवतात. मोबदला म्हणून अन्न आणि वस्त्र मिळते, तेही पुरेसे नाही. हे वाचताना मला भविष्यकाळ दिसला नाही, माझा आजा दिसला. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. त्याआधी तो गावाची मेलेली ढोरे ओढायचा, सांगावे पोचवायचा आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायचा. अंगावर दुसऱ्याने उतरवलेले कापड. जी व्यवस्था रॉथबाईंना कल्पनेने उभी करावी लागली, ती आमच्या घरात एका पिढीच्या आठवणीइतकी जवळ आहे.

मात्र पहिल्या चित्रपटात हे सगळे काम नाहीसे होते. उरतात ती रस्त्याच्या कडेला बसलेली मळकट माणसे, ज्यांना त्यागी लोक दयेने अन्न वाटतात. श्रम गेला आणि भीक राहिली. शहर ज्यांच्या हातांवर चालते, त्यांना शहरावरचे ओझे म्हणून दाखवले गेले. रूपांतर करताना काही गाळावे लागते हे मान्य. पण काय गाळले जाते, यावरून गाळणाऱ्याची दृष्टी कळते.

मग ही गोष्ट कोणाच्या दुःखाची आहे? पाच कप्पे जिला अपुरे पडतात, तिच्या दुःखाची. ज्यांना एकही कप्पा मिळाला नाही, त्यांच्या दुःखाची नव्हे. या दोन दुःखांची तुलना करायची तर बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घ्यावी. ती १९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहात आहे. तिचा नायक परगावी नोकरीला जातो, खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. ट्रिसही लपवते. परंतु तिचे गुपित म्हणजे तिच्या अंगी असलेले जादा गुण. ते उघड झाले की संकट येते खरे, पण त्याच क्षणी ती नायिका होते. बागुलांच्या नायकाचे गुपित उघड झाल्याने त्याच्या किमतीत कोणाच्याही लेखी भर पडत नाही. त्याच्याजवळ केवळ माणूसपण आहे आणि तेवढे पुरेसे असले पाहिजे, अशी त्या कथेची मागणी आहे. ‘डायव्हर्जंट’ ही मागणी करत नाही. तो अपवादात्मक माणसासाठी न्याय मागतो, सामान्यासाठी नाही.

पुढच्या दोन भागांत या दृष्टीची फळे दिसतात. ‘इन्सर्जंट’मध्ये गटहीन संघटित झालेले आहेत, त्यांची पुढारी एव्हलिन शस्त्रे गोळा करत आहे. आता कथा पायाशी आली असे वाटते. परंतु चित्रपट एक पेटी आणतो, जी पाचही चाचण्या पार करणाऱ्यालाच उघडता येते. यंत्र ट्रिसला शंभर टक्के डायव्हर्जंट ठरवते. शहराची मुक्ती गटहीनांच्या संघटनेत नसून एका मुलीच्या टक्केवारीत आहे! आणि ‘अलीजंट’मध्ये एव्हलिन सत्तेवर येताच सूडाचे खटले चालवू लागते. ‘हंगर गेम्स’ या त्याच काळच्या दुसऱ्या मालेची नायिका कॅटनिस खाणकामगाराची मुलगी आहे, सर्वांत दरिद्री जिल्ह्यातली आहे. त्या मालेतही बंडाची पुढारी कॉईन अखेर जुन्या सत्ताधाऱ्यासारखीच निघते. सत्ता माणसाला बिघडवते हे आम्हांला ठाऊक आहे, आमच्या चळवळीतील फाटाफुटीने ते आम्हांला पुरेसे शिकवले आहे. परंतु दलितांच्या हाती सत्ता आली की ते सूडच घेतील, ही भीती कोणाची असते, हे आपण ओळखले पाहिजे. महाडला आणि माणगावला जमलेल्यांनी कोणाच्या विहिरीत विष कालवले नव्हते. त्यांनी पाण्यावरचा आणि माणुसकीवरचा हक्क मागितला होता.

तिसऱ्या भागात भिंतीपलीकडचे जग येते. तेथील शास्त्रज्ञ डेव्हिड सांगतो, की शिकागो हा एक प्रयोग होता. माणसांची जनुके बिघडली होती, ती पिढ्यान्‌पिढ्या सुधारावीत म्हणून हे शहर कोंडले होते. ट्रिस ‘शुद्ध’ निघाली, तिचा सखा फोर ‘सदोष’ निघाला. म्हणजे ज्या कथेची सुरुवात माणसाचे वर्गीकरण नाकारण्यापासून झाली, ती रक्ताच्या शुद्धीपर्यंत येऊन पोचली. गुणकर्माचा दरवाजा उघडला तर आत जन्मच बसलेला होता!

यावर वादसभेत एका विद्यार्थिनीने माझी चूक दाखवली. ट्रिस अखेर डेव्हिडला झिडकारते, शुद्ध-सदोष हा भेदच खोटा आहे असे कथेचे म्हणणे आहे, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर आहे आणि मी ते मान्य केले. कादंबरीत तर हा भेद अधिक स्पष्टपणे नाकारला आहे आणि तेथे ट्रिस अखेरीस मरते. पण तोंडाने नाकारणे आणि रचनेने नाकारणे यांत अंतर असते. शुद्धी खोटी असेल, तर ती खोटी आहे असे सांगण्याचा अधिकारही चित्रपट शुद्ध ठरलेल्या मुलीलाच का देतो? भिंतीबाहेरच्या वस्तीतून पळवून आणलेल्या, स्मृती पुसल्या गेलेल्या मुलांपैकी एकाच्याही तोंडी तो का देत नाही?

शेवटच्या कादंबरीचे दोन चित्रपट करायचे ठरले होते. पहिल्या दोन भागांनी जगभर सुमारे एकोणतीस कोटी डॉलरपर्यंत प्रत्येकी गल्ला जमवला. तिसरा अठरा कोटींच्या आसपास थांबला आणि चौथा भाग निघालाच नाही. धंद्याची कारणे धंदेवाल्यांनी शोधावीत. मला एवढेच दिसते, की गटहीनांचे पुढे काय झाले, हे पडद्यावर कधीच कळले नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ लागला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ‘डायव्हर्जंट’ लागला. जब्याही ट्रिसच्याच वयाच्या आसपासचा. त्याच्यापुढे कोणी पाच पात्रे मांडली नाहीत. डुकराला काठीला बांधून, बाबासाहेबांचे चित्र असलेल्या शाळेच्या भिंतीवरून तो जातो. तो शुद्ध नाही, शंभर टक्के नाही, काही विशेष नाही. त्याच्या हातात एक दगड आहे आणि तो आपल्या दिशेने येतो. त्या दगडाला पुढचा भाग लागत नाही.

तरीही मी विद्यार्थ्यांना ‘डायव्हर्जंट’ पाहू नका असे म्हणणार नाही. पाहा, आणि भांडा. आपल्या साहित्याने भूतकाळाचा हिशेब मांडला, वर्तमानाला नकार दिला. भविष्यकाळ मात्र आपण फारसा लिहिलेला नाही. तो इतरांनी लिहिला, तर त्यातही आपण रस्त्याच्या कडेलाच बसलेले असू. सभा संपल्यावर कागलकडची ती मुलगी दारात थांबली आणि म्हणाली, “सर, गटहीनांतली एखादी पोरगी घेऊन ही गोष्ट पुन्हा लिहिली तर?” मी म्हणालो, “लिही. आणि तिला कोणत्याही परीक्षेला बसवू नकोस.”